तटबंध, मागे सारलेले
मागे सारलेले तटबंध : पूरनियंत्रणासाठी नदीकाठी घातलेला बांध काढून तो पात्रापासून दूर नव्याने बांधल्यास त्यास मागे सारलेला तटबंध म्हणतात. काठालगतच्या तटबंधांमुळे प्रवाह अरुंद व वेगवान होतो, उपप्रवाह तुटतात आणि पुराच्या वेळी सॅमनच्या पिलांना आसरा उरत नाही. पात्र रुंदावल्यास पुराची पातळी उतरते व संथ पाण्याच्या जागा पुन्हा निर्माण होतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात प्यूजेट साउंड परिसरातील चिनूक सॅमनची १९९९ मध्ये धोक्यात आलेल्या प्राण्यांत नोंद झाली. तेथील प्यूॲलप नदीवर ऑर्टिंग येथे २०१४ मध्ये असा तटबंध पूर्ण झाला व त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पुरात शहर सुरक्षित राहिले. मात्र या पद्धतीत काठची जमीन नदीला सोडावी लागते. त्यामुळे भूसंपादन व जमीनधारकांची संमती हाच नियोजनातील सर्वांत बिकट प्रश्न ठरतो.