मज्जानलिकेचे अठ्ठावीस दिवस

गर्भाचे कोणते अंग प्रथम उत्पन्न होते, याविषयी आचार्यांमधील मतभेद सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नोंदविलेले आहेत. शौनक शिर म्हणतात, कृतवीर्य हृदय म्हणतात. धन्वंतरींचा निर्णय असा की, सर्व अंगे एकाच वेळी उत्पन्न होतात, परंतु सूक्ष्मत्वामुळे ती दिसत नाहीत. बांबूच्या कोंबाचा आणि आंब्याचा दृष्टान्त वैद्यवर्गास परिचित आहेच. आधुनिक गर्भविज्ञानाशी या वचनांचा ओढूनताणून मेळ घालणे आम्हांस मान्य नाही. तथापि या सूक्ष्म अवस्थेत काय घडते, हे जाणून घेणे चिकित्सेच्या दृष्टीने अत्यंत निकडीचे आहे.

निषेचनानंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाचे तीन स्तर तयार होतात. त्यांतील बाह्यस्तरापासून त्वचा आणि मज्जासंस्था अशी दोन्ही निर्माण होतात. पृष्ठरज्जूकडून येणाऱ्या संकेतांमुळे त्यावरील बाह्यस्तर जाड होऊन मज्जापट्टिका बनते. तिच्या कडा उचलल्या जातात, मध्ये खाच पडते आणि कडा एकमेकींस मिळून नलिका तयार होते. हीच पुढे मेंदू व मज्जारज्जू होय. नलिकेचे वरचे तोंड सुमारे 25व्या दिवशी व खालचे 28व्या दिवसाच्या सुमारास मिटते. वरचा भाग न मिटल्यास मेंदू व कवटी घडतच नाहीत आणि असे बालक जगत नाही. खालचा भाग उघडा राहिल्यास स्पायना बायफिडा होतो. बालक जगते, पण पुष्कळदा पायांतील बळ व मलमूत्रावरील नियंत्रण गमावून.

आता हिशेब पाहावा. नियमित पाळीच्या स्त्रीमध्ये हा 28वा दिवस म्हणजे पाळी चुकल्यानंतरचा जेमतेम दुसरा आठवडा. मळमळीची तक्रार घेऊन ती आपल्याकडे येते, तोवर नलिका बहुधा मिटलेली असते, किंवा मिटावयाची राहून गेलेली असते. त्यानंतर दिलेले फॉलिक अ‍ॅसिड रक्तवृद्धीस उपयोगी पडेल. या दोषास नव्हे.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी असे अपत्य झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिले असता पुनरावृत्ती 72 टक्क्यांनी घटली. अन्य स्त्रियांसाठी रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भधारणेपूर्वी किमान एक महिना व नंतर बारा आठवडे, ही मात्रा सर्वमान्य आहे. पालेभाज्या व डाळी अवश्य द्याव्यात. परंतु शिजविताना फोलेटचा बराच अंश नष्ट होतो, म्हणून केवळ आहारावर विसंबू नये. गोळी आधुनिक शास्त्राची आहे म्हणून ती टाळणे हा शास्त्राभिमान नव्हे, हटवाद आहे. अपत्येच्छू दांपत्य गर्भाधानपूर्व शोधनासाठी येते, तीच ती सुरू करण्याची खरी वेळ.

औषधविक्रेत्यांनी मात्रेकडे विशेष लक्ष द्यावे. दुकानात सहज मिळणारी 5 मिलिग्रॅमची गोळी 400 मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट आहे. अधिक मात्रेमुळे बी-12 च्या अभावातील पांडुता झाकली जाऊन मज्जातंतूंची हानी चालूच राहू शकते. शाकाहारी स्त्रियांत ही शक्यता विशेष ध्यानात घ्यावी. अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मज्जानलिकेच्या दोषाचा धोका वाढतो. अशा स्त्रीस गर्भधारणेपूर्वीच मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. औषध मात्र आपण होऊन एकाएकी बंद करू देऊ नये, कारण त्यामुळे उद्भवणारे झटके माता व गर्भ या दोघांनाही घातक ठरू शकतात.