समतेचे लढे : लेखांक 7 – दीक्षा, राखीव जागा आणि 1950 चा आदेश

मागील लेखांकात पाहिलेल्या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा मुख्य रोख, राज्यघटनेने आधीच दिलेले हक्क प्रत्यक्षात पदरात पाडून घेण्यावर होता. यादवी युद्धानंतर 1865 ते 1870 या काळात झालेल्या तीन घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी संपवली, नागरिकत्व दिले आणि वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. तरीही दक्षिणेकडील राज्यांनी मतदान-कर, साक्षरतेच्या परीक्षा असे अडसर घालून ते हक्क 1964 आणि 1965 चे कायदे होईपर्यंत कागदावरच ठेवले. नागपुरात 1956 नंतर उभा राहिलेला पेच याहून निराळा होता : हक्क घटनेत होते, त्यांचा लाभही मिळू लागला होता, परंतु समतेसाठी उचललेल्या पावलामुळेच त्यांवरील दावा सुटत होता.

या पेचाचे मूळ घटनेच्या 341 व्या अनुच्छेदाखाली 1950 मध्ये निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. कोणत्या जातींना ‘अनुसूचित जाती’ म्हणायचे, म्हणजेच शिक्षण, नोकऱ्या आणि कायदेमंडळे यांतील राखीव जागांसाठी कोणाला पात्र धरायचे, याची यादी या आदेशाने दिली. मात्र त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, अशी अट घातली. शिखांपुरती ही अट 1956 पर्यंत सैल झाली, बौद्धांच्या बाबतीत ती कायम राहिली.

अशा स्थितीत 14 ऑक्टोबर 1956 रोजी, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. सवलती जातील ही शंका त्या वेळीही घेतली जात होती. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात, बौद्ध झाल्यावरही राजकीय हक्क मिळवता येतील, असा विश्वास बाबासाहेबांनी व्यक्त केला. परंतु 6 डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ते काम अनुयायांवर येऊन पडले. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात 1951 च्या जनगणनेत जेमतेम अडीच हजार असलेले बौद्ध 1961 मध्ये सुमारे 28 लाख झाले. केंद्राच्या सवलतींना मुकावे लागेल हे ठाऊक असूनही ही नोंद झाली, हे लक्षात घेतले तरच या आकड्याचे वजन कळते. दुसरीकडे, मुलांचे शिक्षण आणि नोकरी यांच्या काळजीने अनेक कुटुंबांनी कागदोपत्री ‘हिंदू महार’ ही जुनी नोंद तशीच ठेवली.

हा पेच न्यायालयात पोहोचला तोही नागपुरातूनच. 1962 च्या विधानसभा निवडणुकीत शहरातील राखीव मतदारसंघातून निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांनी बौद्ध धर्म स्वीकारला असल्याने ते त्या जागेस पात्र नव्हते, असा आक्षेप घेण्यात आला. निवडणूक न्यायाधिकरणाने तो मान्य केला, उच्च न्यायालयाने फेटाळला आणि शेवटी ‘पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय कायम केला. धर्मांतराचा विधी यथासांग झाला की नाही याची छाननी करण्याचे कारण नाही, नव्या धर्माचा उघडपणे केलेला स्वीकार या अटीपुरता पुरेसा आहे, असे न्यायालयाने ठरवले. नागपूरच्या दीक्षेचे सामाजिक सामर्थ्य ती चारचौघांत, उघड्या मैदानावर आणि सामुदायिकरीत्या घेतली गेली यात होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र हाच उघडपणा अपात्रतेचा पुरावा ठरला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नागरिकाने चर्च बदलले तरी त्याच्या नागरी हक्कांना बाध येत नव्हता, कारण तेथील कायद्याने संरक्षण धर्माच्या अटीला बांधलेले नव्हते.

महाराष्ट्र राज्य 1960 मध्ये स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने राज्याच्या अखत्यारीतील शैक्षणिक व नोकरीविषयक सवलती नवबौद्धांना, म्हणजे दीक्षा घेतलेल्या पूर्वाश्रमीच्या अनुसूचित जातींना, लागू केल्या. पण केंद्रीय सेवा आणि राखीव मतदारसंघ राज्याच्या हाती नव्हते. नागपुरात ऑक्टोबर 1957 मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाने केंद्राच्या सवलती बौद्धांनाही मिळाव्यात ही मागणी लावून धरली आणि 1964 मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या देशव्यापी भूमिहीन सत्याग्रहाच्या मागणीपत्रातही तिला स्थान मिळाले. अखेर 1990 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात संसदेने आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला.

दीक्षेपासून या दुरुस्तीपर्यंत गेलेली 34 वर्षे केवळ सरकारी दिरंगाईची म्हणता येत नाहीत. अस्पृश्यता हे हिंदू समाजरचनेचे अपत्य असल्याने धर्म सोडताच तिचे परिणामही संपतात, हे गृहीतक 1950 च्या आदेशामागे होते; गावातील वस्ती, जमिनीची मालकी आणि शेजाऱ्यांची वागणूक दीक्षेने बदलत नाही, हा अनुभव त्या गृहीतकाला खोटे ठरवत होता. 1990 च्या दुरुस्तीने परवानगी असलेल्या धर्मांत एकाची भर घातली, परंतु धर्माची अट रद्द केली नाही. म्हणूनच दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही या यादीबाहेर आहेत आणि त्यांच्या प्रश्नाच्या अभ्यासासाठी 2022 मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला. अनुसूचित जातींची ही व्याख्या राखीव जागांपुरती मर्यादित नसून 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण कोणाला मिळणार हेही तिच्यावरच अवलंबून असते; त्या कायद्याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.