ओढकामाच्या वाहनाचे टायर : निवड आणि निगा

दिवाळी सरते, उसाच्या फडांत कोयते चालू लागतात आणि पश्चिम महाराष्ट्रापासून मराठवाड्यापर्यंतचे रस्ते उसाने लादलेल्या ट्रेलरांनी गजबजून जातात. गाळपाचा हंगाम आटोपतो न आटोपतो तोच उन्हाळा येऊन ठेपतो आणि यांतील कित्येक ट्रॅक्टरांमागे पाण्याचे टँकर जोडले जातात. तोडलेला ऊस लवकर गाळला गेला नाही, तर त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही उतरतो. टँकर वेळेवर आला नाही, तर वस्तीवरील बायाबापड्यांना हंडे-कळशा घेऊन उन्हात ताटकळावे लागते. म्हणूनच अशा वाहनाचा टायर वाटेत फुटणे ही केवळ वाहनमालकाची अडचण राहत नाही. त्यात शेतकऱ्याचे नुकसान असते, गावाची गैरसोय असते. आणि रात्रीच्या अंधारात रस्त्यातच अडकून पडलेला ट्रेलर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांची खरेदी विचारपूर्वक केली जाते. टायर बदलण्याची वेळ आली म्हणजे मात्र ‘स्वस्त आणि मस्त’ एवढाच निकष पुरेसा मानला जातो. वास्तविक टिकाऊपणा हा टायरचा एकट्याचा गुण नव्हे. कामाला साजेशी निवड, पेलवेल एवढेच ओझे आणि योग्य हवा या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच टायर टिकतो. म्हणजेच टिकाऊपणा दुकानातून अर्धाच विकत मिळतो. उरलेला अर्धा वापरणाऱ्याला स्वतः राखावा लागतो.

लोखंडी धावेपासून रबरी टायरपर्यंत

आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहाराकडून तापलेली लोखंडी धाव चढवून घेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. चाकाचे आयुष्य वाढविणे हेच त्या धावेचेही प्रयोजन होते. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधकाच्या साहाय्याने रबर टणक व टिकाऊ करण्याची क्रिया सापडली आणि जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेने फुगविलेला टायर व्यवहारात आणला. रबरी टायरच्या बैलगाडीला आपल्या ग्रामीण भागात ‘डनलॉप गाडी’ हे नाव पडले, ते यावरूनच. ट्रॅक्टर मात्र दीर्घकाळ लोखंडी चाकांवरच धावत होता. अमेरिकेत १९३२ च्या सुमारास त्याला रबरी टायर बसविण्यास प्रारंभ झाला आणि शेतातले हे यंत्र रस्त्यावर ओझे ओढण्यासही योग्य ठरले. आजच्या वाहतुकीचा पाया असा त्या टायरनेच घातला आहे.

वाहणे वेगळे, ओढणे वेगळे

ओझे वाहणारे चाक आणि ओझे ओढणारे चाक यांची कामे भिन्न आहेत. ट्रेलरचे चाक केवळ फिरत राहते आणि वरचा भार पेलते. ट्रॅक्टरच्या मागील चाकाला भार तर पेलावा लागतोच, शिवाय जमिनीला घट्ट धरून मागचे ओझे पुढे खेचावेही लागते. ही पकड सुटून चाक जागच्या जागी घसरते तेव्हा टायरचे रबर कानशीने घासल्याप्रमाणे झिजते. चढावर किंवा चिखलात रोज अशी घसर होत असेल, तर उत्तम टायरही लवकर संपतो.

मागील टायरच्या पृष्ठभागावर जे तिरपे, जाड उंचवटे असतात त्यांना बाजारात ‘लग’ म्हणतात. मऊ जमिनीत हे लग रुततात आणि पकड देतात. डांबरी वा सिमेंटच्या रस्त्यावर ते रुतू शकत नाहीत. सर्व भार त्यांच्या माथ्यावर येतो, ते वाकतात, तापतात आणि झिजतात. यास्तव नांगरणी-वखरणीचे काम अधिक असेल, तर खोल व एकमेकांपासून दूर असलेल्या लगांचा टायर घ्यावा. वर्षातील बहुतेक दिवस रस्त्यावरील वाहतुकीचे असतील, तर रुंद माथ्याच्या आणि मध्यभागी एकमेकांजवळ येणाऱ्या लगांचा टायर निवडावा. टायर कारखाने वाहतुकीसाठी अशी स्वतंत्र नक्षी तयार करतात. विक्रेत्याने ‘टायर कशासाठी हवा?’ असे विचारण्याची वाट न पाहता ग्राहकानेच ते प्रथम सांगावे.

ट्रॅक्टरचे पुढील चाक दिशा देण्याचे काम करते. त्यासाठी लांबट सरळ पट्ट्यांची नक्षी योग्य ठरते. ट्रेलरच्या चाकांनाही सरळ पट्ट्यांचाच टायर चांगला. तो सहज फिरतो आणि इंधनाचा अपव्यय टाळतो. ट्रेलरला ओढणारी नक्षी बसविल्याने ओढण्याच्या कामात कोणतीही भर पडत नाही.

टायरवरील अक्षरे वाचावीत

टायरच्या बाजूवर कोरलेली अक्षरे म्हणजे त्याचे ओळखपत्रच होय. १३.६-२८ असा आकडा असेल, तर टायरची रुंदी सुमारे १३.६ इंच आणि तो ज्या रिमवर बसतो त्या रिमचा व्यास २८ इंच, असा त्याचा अर्थ. मधल्या आडव्या रेघेऐवजी ‘आर’ हे इंग्रजी अक्षर असल्यास तो टायर रेडियल समजावा. ‘प्लाय रेटिंग’ या नावाने जो आकडा येतो, तो एके काळी टायरमधील सुती कापडाच्या थरांची संख्या दाखवी. आता धागे अधिक मजबूत झाल्याने थर कमी लागतात. त्यामुळे तो आकडा थरांचा नसून ताकदीचा निदर्शक राहिला आहे.

याहून नेमकी माहिती भार-निर्देशांकावरून मिळते. मालट्रकच्या १०.०० आर २० या मापाच्या टायरवर ‘१४६/१४३ के’ असे लिहिलेले आढळते. त्यातील १४६ म्हणजे एकेरी चाक असता एका टायरने ३,००० किलो भार पेलावा. १४३ म्हणजे जोडचाक असता प्रत्येकी २,७२५ किलो. आणि ‘के’ म्हणजे ताशी ११० किलोमीटर ही वेगमर्यादा. ट्रॅक्टरच्या टायरवर याच जागी ‘ए ८’ असेल, तर ती मर्यादा ताशी ४० किलोमीटर असते.

या आकड्यांचा उपयोग एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ५,००० लिटरच्या टँकरमधील पाण्याचेच वजन ५,००० किलो भरते. समजा, रिकाम्या टँकरचे वजन १,५०० किलो आहे आणि एकूण ६,५०० किलोंपैकी १,००० किलो भार हुकमार्फत ट्रॅक्टरवर जातो. उरलेले ५,५०० किलो टँकरच्या दोन चाकांवर येतात. म्हणजे प्रत्येक टायरवर २,७५० किलो. ३,००० किलोंचा टायर हा भार पेलील. निर्देशांक १३९ असलेला, म्हणजे २,४३० किलोंचा टायर दिसायला तसाच असला तरी तो पहिल्या दिवसापासून प्रमाणाबाहेर ताणला जाईल. हुकमार्फत आलेला भार ट्रॅक्टरच्या मागील टायरवर पडतो, हेही हिशेबात धरावयास हवे. चारचाकी ट्रेलरचा असा भार अल्प असतो. एका आसाच्या ट्रेलरचा मात्र बराच असतो.

टायरवरील चार आकड्यांची तारीखही पाहावी. ‘३५२४’ याचा अर्थ २०२४ सालातील ३५ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. रबर न वापरताही जुने होते; म्हणून वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला तरी घेऊ नये. व्यापारी वाहनांच्या टायरसाठी आयएस १५६३६ हे भारतीय मानक असून, २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार अशा टायरवर आयएसआय चिन्ह आवश्यक ठरले आहे.

नायलॉन की रेडियल?

बाजारात ज्याला ‘नायलॉन टायर’ म्हणतात, त्यात धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदून बसविलेले असतात. १९४६ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट घेतल्या गेलेल्या रेडियल रचनेत धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि नक्षीखाली मजबूत पट्टे असतात. त्यामुळे रेडियल टायर रस्त्यावर सपाट टेकतो, कमी तापतो आणि सावकाश झिजतो. लांब पल्ल्याच्या, चांगल्या रस्त्यावरील वाहतुकीस तो निःसंशय सरस आहे. तथापि, त्याच्या बाजू लवचिक असतात. दगडगोट्यांची पाणंद आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यांची धारदार टोके यांमुळे त्या कापल्या जाण्याचा धोका असतो. जेथे फेरी छोटी आणि वाट वाईट, तेथे जाड बाजूंचा नायलॉन टायर अजूनही उपयुक्त ठरतो. एकाच आसावर मात्र एका बाजूस नायलॉन आणि दुसऱ्या बाजूस रेडियल असे कदापि बसवू नये. जोडचाकांतील दोन टायरही समान उंचीचे असावेत. अन्यथा उंच टायरवर अधिक भार येतो आणि तो आधी निकामी होतो.

रिमोल्ड टायर सरसकट टाकाऊ नव्हेत. मूळ सांगाडा निर्दोष असेल आणि धागे उघडे पडण्यापूर्वीच नवे रबर चढविले असेल, तर ट्रेलरसाठी तो काटकसरीचा मार्ग आहे. परंतु ट्रॅक्टर वा ट्रकच्या पुढील चाकांना रिमोल्ड टायर लावणे म्हणजे चालकाचा जीव धोक्यात घालणे होय.

किंमत आणि खर्च

किंमत आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, एक टायर १६,००० रुपयांना मिळाला आणि १,६०० तास चालला. दुसरा २०,००० रुपयांना मिळाला आणि २,५०० तास चालला. पहिल्याचा खर्च तासाला १० रुपये पडला, दुसऱ्याचा ८ रुपये. खरेदीच्या दिवशी महाग वाटलेला टायर वापराअंती स्वस्त ठरला. हा हिशेब मांडता यावा म्हणून टायर बसविल्याची तारीख आणि त्या वेळचे ट्रॅक्टरच्या तासमापकाचे वाचन नोंदवहीत लिहून ठेवावे. एकदोन खेपांनंतर कोणता टायर आपल्या रस्त्यांना मानवतो, हे ती वहीच सांगू लागेल.

ग्रामपंचायत किंवा सहकारी संस्था दरपत्रके मागविते तेव्हा मागणीपत्रात केवळ ‘टायर, नग २’ असे लिहिले, तर सर्वांत कमी दराचा, परंतु सर्वांत कमी ताकदीचा टायर नियमानुसारच पदरात पडतो. माप, नायलॉन की रेडियल, भार-निर्देशांक, नक्षीचा प्रकार, निर्मितीचा अलीकडचा काळ आणि मानकचिन्ह या बाबी मागणीपत्रात स्पष्ट नमूद केल्या म्हणजे दरांची तुलना सारख्यास सारख्याशी होते आणि सार्वजनिक पैसा सत्कारणी लागतो.

हवा हाच खरा आधार

टायर भार पेलतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो भार पेलते ती आत कोंडलेली हवा. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडतात, आत उष्णता साठते, थर सुटू लागतात आणि नक्षीच्या दोन्ही कडा झिजतात. हवा जास्त झाल्यास मधला भाग झिजतो आणि खड्ड्यात आपटताच टायर फाटण्याची भीती असते. ट्रॅक्टरच्या मागील टायरची हवा शेतातील कामासाठी कमी ठेवावी लागते. तीच हवा ठेवून भरलेले ट्रेलर ओढणे हे अकाली झिजेचे मोठे कारण आहे. रस्त्यावर उतरण्यापूर्वी उत्पादकाच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हवा वाढवावी. ती सकाळी, टायर थंड असताना, मापकाने तपासावी; लाथ मारून वा नुसत्या डोळ्यांनी नव्हे. धावून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा काढू नये. थंड होताच ती कमी पडते.

पकड वाढविण्यासाठी मागील टायरमध्ये पाणी भरण्याची किंवा चाकांना लोखंडी वजने लावण्याची पद्धत आहे. ती पुस्तिकेतील मर्यादेत असावी. ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाण्याइतके ओझे मागे जोडणे, हे टायरच्या नव्हे तर चालकाच्याही सहनशक्तीपलीकडचे आहे.

वेळीच निरोप द्यावा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये टायरच्या स्थितीविषयी तरतूद असून, ट्रकसारख्या वाहनांच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असू नये, अशी मर्यादा आहे. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे. बाजूवर फुगवटा आला, धागे दिसू लागले किंवा खोल चीर पडली, तर नक्षी शिल्लक असली तरी तो टायर उतरवावा.

उतरविलेला टायर अंगणात वा शाळेमागे पडू देऊ नये. त्यात साचलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यू पसरविणारे डास वाढतात. तो जाळल्यास विषारी धूर निघतो. निर्लेखनाची रीतसर नोंद करून तो अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणेच योग्य.

गाळपाच्या हंगामापूर्वी बैलांच्या खुरांना पत्री मारून घेण्याची दक्षता शेतकरी घेत आला आहे. ओढणाऱ्याचे पाय धड असावेत, ही त्यामागची साधी दृष्टी. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. ती दृष्टी मात्र सोडण्याचे काहीच कारण नाही. एक हवामापक, एक नोंदवही आणि फेरीपूर्वीची पाच मिनिटे एवढ्या भांडवलावर टायरचे आयुष्य वाढते, ऊस वेळेवर काट्यावर पोहोचतो आणि तहानलेल्या वस्तीवर टँकर ठरल्या वेळी येऊन उभा राहतो.