मातीवरून परतणारे ऊन

आपल्या खानापूर तालुक्यातील मलप्रभा नदी कणकुंबीस उगम पावते. तेथे जांभ्याची तांबडी माती आहे. तीच नदी पूर्वेस सौंदत्तीकडे गेली की काळी जमीन लागते. मातीचा हा रंगभेद आता आकाशातूनही मोजता येतो. तो कसा, व त्याचा शेतकऱ्यास उपयोग काय, हे थोडक्यात पाहू.

जमिनीवर पडलेल्या उन्हाचा काही भाग माती शोषून घेते व तापते. उरलेला परत फेकते. यास परावर्तन म्हणतात. ओल्या काळ्या जमिनीवरून सुमारे शेकडा ५ ते १० भाग ऊन परतते, तर कोरड्या, पांढरट रेताड जमिनीवरून ३० ते ४०. शेतीहवामानशास्त्रज्ञ एल. ए. रामदास यांनी १९३० नंतरच्या दशकात पुण्यास काळ्या जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरून पाहिला, तेव्हा खालची माती बरीच थंड राहिली. नुसत्या रंगाचा हा प्रभाव!

१९८८ साली सोडलेला आयआरएस-१ए हा भारतीय उपग्रह निळे, हिरवे, तांबडे व डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण वेगवेगळे मोजीत असे. तांबड्या मातीतील लोहाचा गंज निळे किरण गिळतो आणि तांबडे परत पाठवितो. या खुणेवरून ती माती दुरून ओळखता येते.

तथापि येथे सावधपणा हवा. वळवाची एक सर आली की तेच शेत काळवंडते. नांगरटीच्या ढेकळांच्या सावल्यांनी उजेड घटतो, पाचोळ्याखाली माती झाकते, आणि पावसाळ्यात ढग आड येतात. म्हणून सुगीनंतर उघड्या, कोरड्या जमिनीचे मोजमाप घेणे बरे. त्याच सुमारास काही शेतांत उभे राहून, पांढऱ्या प्रमाण-फळीशी तुलना करून, परतणारा प्रकाश मोजावा. म्हणजे वरचा आकडा पडताळता येतो.

मुख्य गोष्ट ही की, उपग्रह उजेड मोजतो, जमिनीचा कस नव्हे. उतारावरची काळसर सुपीक माती वाहून जाऊन फिकट मुरूम उघडा पडला, तर चित्रात उजळ ठिपका दिसतो. परंतु नुसती वाळलेली जमीनही तशीच दिसते. ठिपका कोठे आहे हे आकाशातून कळेल. तो कशामुळे पडला हे कुदळ मारून, माती हातात घेऊनच ठरवावे लागेल. चुकीच्या जागी घातलेल्या बांधाने पैसाही जातो आणि मातीही जाते. तेव्हा बांधाची जागा ठरविताना या दोन्ही साक्षी घ्याव्यात.