तिकिटावरचा शेजार

3 ऑक्टोबर 1990. जर्मनीचे दोन तुकडे पुन्हा जोडले जात होते. त्याच दिवशी अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या टपाल खात्यांनी मिळून चार तिकिटं काढली. विषय होता समुद्रातले जीव. चित्रकार दोन: अमेरिकेचे पीटर कॉची आणि सोव्हिएत संघाचे व्लादिमीर बेइलिन. एका चौकोनात चार तिकिटं एकमेकांना चिकटलेली. एकावर किलर व्हेल म्हणजे ओर्का, बाकी तिघांवर समुद्रसिंह, समुद्री ऊद आणि डॉल्फिन.

दशकानुदशकं एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या या दोन देशांच्या मधे उत्तर पॅसिफिक समुद्र आहे. त्यातल्या प्राण्यांना पासपोर्ट लागत नाही, तेव्हा मैत्रीचा निरोप द्यायला ते सोयीचेच. पण या चौकोनाकडे बघून समुद्रजीव अभ्यासणारा माणूस गालातल्या गालात हसेल. ओर्का आणि समुद्रसिंह इतक्या शांतपणे शेजारी राहतात? तो लगेच विचारेल, ‘कोणता ओर्का?’

हा प्रश्न विचारायला माणसाला फार उशीर लागला. आपण मराठीत व्हेलला देवमासा म्हणतो. तो मासा नाही, पण निदान नावात देव आहे. इंग्रजीने ओर्काच्या माथी ‘मारेकरी’ असा शिक्का मारला. खरं तर तो डॉल्फिनच्याच कुळातला, त्या कुळातला सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेला नर आठ-नऊ मीटरपर्यंत जातो आणि त्याच्या पाठीवरचा उभा पर उंचापुऱ्या माणसाएवढा, 1.8 मीटरपर्यंत, असू शकतो. नावाप्रमाणेच वागणूक मिळाली. सॅमन मासा हा पळवतो, अशी ओरड झाली म्हणून 1961 मध्ये कॅनडाच्या मत्स्य खात्याने पश्चिम किनाऱ्यावर, कॅम्पबेल रिव्हर गावाजवळ, त्याच्यासाठी चक्क मशीनगन बसवली. ती कधी चालली नाही, एवढंच नशीब.

पुढच्या काही वर्षांत गोळीची जागा जाळ्याने घेतली. मत्स्यालयांना खेळ करून दाखवणारे ओर्का हवे होते आणि समुद्रात ते हजारोंनी आहेत, असा सगळ्यांचा समज होता. किती पकडले तर चालतील हे ठरवायचं, तर आधी मोजायला हवेत. हे काम आलं कॅनडाच्या ननाइमो इथल्या सरकारी संशोधन केंद्रातल्या मायकेल बिग यांच्याकडे. त्यांनी 1971 मध्ये दीपगृहांचे रखवालदार, कोळी, बोटीवाले अशा हजारो लोकांना प्रश्नावल्या धाडल्या आणि ठरलेल्या दिवशी दिसतील तेवढे ओर्का नोंदवायला सांगितलं. हजारोंची कथा तिथेच संपली. हिशेब काही शेंवर आला.

पण एकच ओर्का दोनदा मोजला गेला नाही, हे कसं ठरवायचं? तिकीट जमवणारा माणूस दोन सारखी तिकिटं भिंगाखाली धरून कडेचे दाते मोजतो, कुठला दाता तुटलाय ते बघतो. बिग आणि त्यांचे सहकारी तेच करू लागले. बोटीतून पाठीच्या परांचे कृष्णधवल फोटो काढायचे आणि मग तासन् तास भिंग लावून बसायचं. एकाच्या पराच्या मागच्या कडेला खाच, दुसऱ्याचं टोक फाटलेलं. परामागे खोगिरासारखा एक राखाडी पट्टा असतो. त्याचा आकार आणि त्यावरचे ओरखडे प्रत्येकाचे निराळे. प्रत्येक ओर्काला अक्षर आणि आकडा मिळाला, आणि ‘ओर्कांचा कळप’ या शब्दांऐवजी आई, तिची मुलगी, तिचा मुलगा, नातवंडं असं कुटुंब दिसू लागलं.

वर्षानुवर्षं फोटो जमल्यावर लक्षात आलं की इथे दोन निराळे समाज आहेत. एक मोठ्या कुटुंबांत राहणारा, उन्हाळ्यात ठरलेल्या पाण्यात येणारा. त्याला ‘रेसिडेंट’, म्हणजे रहिवासी, म्हटलं गेलं. दुसरे तीन-चारच्या टोळीने अचानक उगवणारे, म्हणून ‘ट्रान्झियंट’, फिरस्ते. रहिवासी फक्त मासे खातात, त्यातही चिनूक जातीचा सॅमन आधी. फिरस्ते सील, समुद्रसिंह, डॉल्फिन मारतात आणि माशाला तोंड लावत नाहीत. पाणी एकच, पण दोघांत सोयरीक नाही. काही लाख वर्षांपूर्वीच त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, असं जनुकं सांगतात.

या शोधाने एक जुनं कोडंही सुटलं. 1970 मध्ये व्हँकूव्हर बेटाच्या पेडर उपसागरात पाच ओर्का पकडले होते. त्यातले तिघे जाळ्यातच राहिले. पकडणाऱ्यांनी त्यांच्यापुढे ताजे मासे टाकले. अडीच महिने त्यांनी एकाही माशाला तोंड लावलं नाही. एक मादी उपासाने मेली. मग कुठे उरलेल्यांनी मासा खाल्ला. ते हट्टी नव्हते, फिरस्ते होते. त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या ताटात मासा कधी नव्हताच.

ताट बदललं की बोलणंही बदलतं. रहिवासी शिकार करताना सतत बोलत राहतात, कारण त्यांचे आवाज सॅमनला नीट ऐकू येत नाहीत. सीलचे कान मात्र तिखट, म्हणून फिरस्ते शिकारीआधी जवळजवळ मुके होतात आणि भक्ष्य हाती लागल्यावरच आवाज फुटतो. संशोधक जॉन फोर्ड यांनी रहिवाशांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, तेव्हा प्रत्येक गटाची सात ते सतरा हाकांची स्वतःची बोली आढळली. पिल्लं ती आईकडून उचलतात. ती तिकिटं काढणाऱ्या दुसऱ्या देशाच्या, म्हणजे आताच्या रशियाच्या, पाण्यातही हेच. 1999 पासून कामचात्का द्वीपकल्पाजवळ रशियन संशोधक आणि त्यांचे परदेशी सहकारी ओर्कांचे फोटो आणि आवाज जमवू लागले, तर तिथेही मासे खाणारे वेगळे आणि सील खाणारे वेगळे.

मायकेल बिग 18 ऑक्टोबर 1990 रोजी ल्युकेमियाने गेले, त्या तिकिटांनंतर पंधरा दिवसांनी. वय अवघं पन्नास. पुढे फिरस्त्यांना त्यांचंच नाव मिळालं: बिग्ज किलर व्हेल. 2024 मध्ये काही संशोधकांनी या दोन समाजांना स्वतंत्र प्रजाती मानावं, असं सुचवलं. समुद्री सस्तन प्राण्यांच्या शास्त्रज्ञांच्या समितीने तूर्त उपप्रजातींपर्यंतच मान्यता दिली.

हा वाद केवळ नावांचा नाही. कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सीलच्या शिकारीवर 1970 च्या दशकात बंदी आली, सील वाढले, आणि त्यांच्यामागून बिग्ज ओर्काही वाढले. त्याच किनाऱ्यावरचे दक्षिणेकडचे रहिवासी मात्र 75 च्या आसपासच उरलेत. अमेरिकेने 2005 मध्ये त्यांना संकटग्रस्त जाहीर केलं. ‘ओर्का वाढताहेत की घटताहेत?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. आणि संरक्षणाचा पैसा कुठे लावायचा, हे त्या उत्तरावरच ठरतं.

दक्षिणेकडच्या रहिवाशांना मारणारं कारण बंदुकीपेक्षा सावकाश चालतं: धरणांनी अडवलेल्या नद्या, जहाजांच्या गोंगाटात हरवलेला भक्ष्याचा प्रतिध्वनी, चरबीत साठणारी रसायनं, आणि या सगळ्यांबरोबर चिनूकचा तुटवडा. या समाजात माद्यांची वीण चाळिशीच्या आसपास थांबते, तरी त्या पुढे कित्येक दशकं जगतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की सॅमन कमी असलेल्या वर्षी कळपाच्या पुढे बहुतेक वेळा याच आज्या असतात. मासा कुठे मिळेल हे त्यांना ठाऊक. पण मासाच नसेल, तर आजीची आठवण तरी काय करणार?

2022 मध्ये कॅनडाने संकटग्रस्त व्हेलांची तिकिटं काढली. पाच व्हेलांत एक ओर्काही होता. मशीनगन बसवणारा देश साठ वर्षांत त्याच प्राण्याला तिकिटावर घेऊन आला, हा बदल छोटा नाही.

तरी मन 1990 च्या त्या चौकोनाकडे जातं. एका ओर्काच्या दृष्टीने बाकीची तीन तिकिटं म्हणजे जेवणाचं ताट. दुसऱ्याच्या दृष्टीने ते नुसते शेजारी, ज्यांच्या जवळून तो सरळ निघून जाईल. त्या दुसऱ्याला वाचवायचं असेल, तर चौकोनात एक पाचवं तिकीट लागेल. त्यावर मासा हवा.