साधी बरणी, जिवंत दाणा

केफिरचा दाणा तळहातावर घेतला की आधी जाणवतो त्याचा बुळबुळीतपणा. रंग पांढरा, किंचित पिवळसर. आकार फ्लॉवरच्या छोट्या तुऱ्यासारखा, कडा कुरळ्या. दोन बोटांत धरला तर दबतो, सोडला की पूर्ववत होतो. वास आंबूस, आणि त्यामागे यीस्टचा हलका दरवळ. काही दाणे जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे, तर काही तीन सेंटिमीटरपर्यंत वाढलेले. त्यांचा धान्याशी काहीही संबंध नाही. हे दुधात वाढणारं जिवाणू आणि यीस्ट यांचं एकत्र बिऱ्हाड आहे, आणि त्यामुळे दुधाचं जे आंबूस पेय तयार होतं ते केफिर.

या बिऱ्हाडाच्या भिंती ज्या चिकट पदार्थाच्या असतात त्याला केफिरान म्हणतात. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साखरांच्या साखळ्यांपासून तो बनतो, आणि तो तयार करण्यात लॅक्टोबॅसिलस केफिरानोफेशियन्स या जिवाणूचा मोठा वाटा असतो. त्या भिंतींच्या आधाराने दुधाचं आम्ल करणारे इतर जिवाणू राहतात, व्हिनेगरचं आम्ल करणारे राहतात आणि यीस्टही राहतात. जिवाणू दुधातल्या लॅक्टोजपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. यीस्टमुळे कार्बन डायऑक्साइड आणि अत्यल्प अल्कोहोल तयार होतं. दह्यात आणि केफिरमध्ये खरा फरक आहे तो इथे. आपलं दही मुख्यतः जिवाणूंच्या जोरावर लागतं. केफिरमध्ये यीस्टही बरोबरीने काम करतं, म्हणून ते जिभेला चुणचुणतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २००३ सालच्या मानकातही ही गोष्ट धरली आहे: केफिर म्हणवून घ्यायचं तर त्याच्या दर ग्रॅममध्ये किमान १०,००० यीस्टपेशी असायला हव्यात.

केफिरचं घर उत्तर कॉकेशसमध्ये, कराचाई, बाल्कर आणि ओसेटी लोकांच्या डोंगराळ मुलखात आहे. तिथे दूध कातडी पिशवीत भरून, त्यात दाणे टाकून ती दाराजवळ टांगत आणि येणारा-जाणारा तिला एक धक्का देऊन पुढे जाई, असं सांगतात. दूध हलतं राहिलं की दाण्यांना सगळीकडून नवं दूध मिळतं, त्यामुळे या पद्धतीमागे पक्का व्यवहार होता. पैगंबरांनी दिलेलं देणं म्हणून हे दाणे परक्याला द्यायचे नाहीत, अशीही तिथली समजूत होती. १८८१ मध्ये एडुआर्ड केर्न याने या दाण्यांचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे मॉस्कोच्या ब्लांडोव्ह दुग्धशाळेने इरिना साखारोव्हा या तरुणीला दाणे आणण्यासाठी कॉकेशसला पाठवलं. तिथल्या बेक-मिर्झा बार्चोरोव्ह या सरदाराने दाणे द्यायला नकार दिला, परतीच्या वाटेवर तिला पळवून नेलं गेलं, प्रकरण दरबारात गेलं आणि भरपाई म्हणून सोनं-नाणं नाकारून तिने केफिरचे दाणे मागून घेतले, अशी कथा रशियात सांगितली जाते. १९०८ मध्ये मॉस्कोत केफिरच्या बाटल्या विक्रीला आल्या. पुढे सोव्हिएत काळात हिरव्या पातळ झाकणाची काचेची बाटली घराघरांत ओळखीची झाली. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना तिथल्या दुकानात आजही केफिर सहज मिळतं.

त्याआधीचा इतिहास फार लांबचा आहे. चीनच्या शिनजियांग प्रांतात, तारिम खोऱ्यातल्या शियाओहे दफनभूमीत ममींबरोबर ठेवलेले चीजचे तुकडे सापडले. ते सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यातल्या डीएनएचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ते केफिरपासून केलेलं चीज असल्याचं दिसलं. ज्या जिवाणूचं नाव वर आलं, तोच त्यात होता.

आता ओट्याकडे येऊ. मी पुण्यात रोज केफिर लावते आणि त्यासाठी लागणारी सामग्री एका फडताळाच्या कोपऱ्यात मावते: रुंद तोंडाची काचेची बरणी, मध्यम जाळीची गाळणी, एक लाकडी चमचा, मलमलचं फडकं, रबर बँड आणि गाळलेलं केफिर भरायला काचेची बाटली. बरणी रुंद तोंडाची असावी म्हणजे हात आत जातो आणि तळ नीट घासता येतो. काच हवी, कारण आत काय चाललंय ते बाहेरून दिसतं, आणि केफिरचं निम्मं काम बघण्याचंच आहे. चहाची गाळणी फार बारीक असते. घट्ट केफिर तिच्यात अडून बसतं. दाणा अडेल आणि केफिर सहज उतरेल, अशी जाळी लागते. ती नायलॉनची चालते आणि स्टेनलेस स्टीलचीही चालते. स्टील लागलं की दाणे मरतात असं बरेच जण म्हणतात, पण चांगल्या स्टीलच्या गाळणीतून काही क्षण गेल्याने दाण्यांना काही होत नाही. ॲल्युमिनियम, तांबं आणि कल्हई नसलेलं पितळ मात्र कटाक्षाने टाळावं. पितळी भांड्यात ताक कळकतं हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं, आणि केफिरही आम्लच आहे.

बाजारात केफिरसाठी खास झाकणांचे संच मिळतात, विजेवर चालणारी दही लावायची यंत्रंही मिळतात. ही यंत्रं दूध साधारण ४० अंशांच्या वर ठेवतात. दह्याला ती ऊब मानवते. केफिरच्या दाण्यांना १८ ते २५ अंश सेल्सिअस हवेत. तेव्हा आपल्या हवेत केफिरसाठी तापवण्याच्या यंत्रावर पैसे घालवू नयेत. इथे वर्षातले बरेच महिने प्रश्न असतो तो बरणी थंड कशी ठेवायची हा.

दूध कुठलंही चालतं: गाईचं, म्हशीचं, शेळीचं, पिशवीतलं किंवा टेट्रापॅकमधलं. सुटं दूध असेल तर उकळावं, पूर्ण निवू द्यावं आणि साय काढून टाकावी. साय दाण्यांना लपेटून बसते आणि गाळताना जाळीवर थर धरते. म्हशीच्या दुधाचं केफिर दाट आणि गुळगुळीत होतं, गाईच्या दुधाचं पातळ आणि चवीला मोकळं. अर्ध्या लिटर दुधाला मोठा चमचाभर दाणे, म्हणजे अंदाजे १५ ग्रॅम, पुरेसे होतात. बरणी काठोकाठ भरायची नाही, कारण दूध वर चढतं. तोंडाला फडकं बांधायचं, म्हणजे वायू बाहेर जातो आणि चिलटं आत येत नाहीत. बरणी उन्हापासून दूर ठेवायची.

पहिले काही तास बाहेरून काहीच दिसत नाही. मग बरणी तिरकी केली की दूध काचेला जरा जास्त वेळ धरून राहू लागतं. दाण्यांच्या भोवती वायूचे बुडबुडे अडकतात आणि दाणे वर तरंगतात. आम्ल वाढून पीएच ४.६ च्या आसपास आला की दुधातलं केसिन एकत्र येऊन दूध घट्ट होतं. त्यानंतर कडेला किंवा तळाशी निवळ पाण्याचे छोटे कप्पे दिसू लागतात. गाळायची वेळ तीच. एकदोन कप्पे दिसताच बरणी हलक्या हाताने फिरवून सगळं एकजीव करावं आणि गाळावं. आणखी थांबलं तर निवळ पाणी आणि दही यांचे वेगळे थर होतात, चव झोंबरी होते आणि दाणे दह्याच्या गाठींत शोधावे लागतात. असं केफिर वाया जात नाही. ते फडक्यात बांधून टांगलं की आंबूस, मऊ चक्का मिळतो आणि खाली गळलेल्या पाण्यात थालीपिठाचं पीठ मळता येतं.

या साऱ्याला किती वेळ लागेल हे घड्याळापेक्षा हवेवर ठरतं. पुण्यात जानेवारीत स्वयंपाकघर थंड असतं तेव्हा पूर्ण दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. एप्रिल-मेमध्ये तेच काम आठ-दहा तासांत उरकतं. उन्हाळ्यात मी दाणे कमी आणि दूध जास्त घेते, बरणी रात्री लावते आणि पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओलं फडकं गुंडाळते. कोरड्या हवेत फडक्यातलं पाणी उडतं आणि बरणी थंड राहते. मुंबईत, कोकणात, गोव्यात हवा दमट असल्याने हा उपाय फारसा चालत नाही. तिथे काही तास बाहेर आणि उरलेला वेळ फ्रिजमध्ये, अशी विभागणी करावी.

विरजणाचे मुख्य प्रकार दोन. एक, जिवंत दाणे. दोन, थंडीत गोठवून वाळवलेल्या जिवाणू-यीस्टची पूड. पुडीचा फायदा असा की चव ठरावीक येते, साठवण सोपी असते आणि महिन्यातून एकदाच केफिर करणाऱ्याला रोजची निगा ठेवावी लागत नाही. तिची मर्यादा अशी की पुडीतून दाणे उगवत नाहीत. आधीच्या केफिरचं विरजण लावून आणखी काही वेळा करता येतं, मग त्यातल्या सजीवांचं प्रमाण बिघडत जातं आणि पुन्हा नवी पूड आणावी लागते. दाणे मात्र नीट सांभाळले तर वर्षानुवर्षं टिकतात आणि वाढतही राहतात. दाणा फक्त आधीच्या दाण्यापासून मिळतो, एवढं धरून चालावं. 'पाण्याचं केफिर' म्हणून जे साखरपाण्यात वाढणारे पारदर्शक दाणे मिळतात, ते वेगळे. दोघांची अदलाबदल होत नाही.

दाणे घेताना देणाऱ्याला विचारावं की ते सध्या कुठल्या दुधात आहेत आणि त्यांना शेवटचं दूध कधी मिळालं. वाळवलेले दाणे आणले तर पहिल्या काही खेपा टाकून द्याव्यात. सजीवांचा तोल सावरायला वेळ लागतो. ओले दाणे रोज नळाच्या पाण्याने धुऊ नयेत, त्या पाण्यात क्लोरिन असतं. गावाला जायचं असेल तर भरपूर ताज्या दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवले की आठवडाभर आरामात राहतात. बरणी, चमचा, गाळणी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, साबणाचा अंश न ठेवता पूर्ण वाळवावी. दह्याचा चमचा मी केफिरच्या बरणीत घालत नाही.

बिघडलेलं केफिर ओळखायला सोपं असतं. गुलाबी किंवा नारिंगी छटा, हिरवे-काळे ठिपके, केसाळ बुरशी किंवा कुजका वास आला तर दाण्यांसकट सगळं टाकावं. वरचा थर काढून उरलेलं वापरण्याचा मोह धरू नये. गाळलेलं केफिर बाटलीत आणखी मुरवायचं असेल तर बाटली थोडी रिकामी ठेवावी आणि झाकण रोज एकदा सैल करावं. आत वायू साठत असतो आणि घट्ट बंद काच फुटू शकते.

केफिरच्या गुणांबद्दल हल्ली फार मोठे दावे होतात. मी त्यातला नेमका भाग सांगेन. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो इथे लॅक्टोज नीट न पचणाऱ्या १५ प्रौढांवर एक अभ्यास झाला. साध्या दुधाच्या तुलनेत केफिरमधला लॅक्टोज त्यांना बराच चांगला पचला. अभ्यास लहान होता, तरी केफिरमधले सजीव लॅक्टोज मोडतात याच्याशी तो जुळतो. ज्यांना सवय नाही त्यांनी अर्ध्या वाटीपासून सुरुवात करावी. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी आणि अवयवरोपण झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अल्कोहोलचा अंश अगदी थोडा असला तरी असतो, तो वर्ज्य असणाऱ्यांना तसं आधी सांगावं.

केफिर करायचं ठरवलंत तर पैसे यंत्रावर घालवू नका, वेळ दाण्यांसाठी द्या. घरातली काचेची बरणी पुरते. ज्यांच्याकडे दाणे वाढताहेत असं कुणी ओळखीत शोधा आणि चमचाभर मागून घ्या. मागितल्यावर केफिर करणारे सहसा नाही म्हणत नाहीत, कारण वाढलेले दाणे कुठे द्यायचे हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न असतो. तुमच्याकडचे दाणे वाढले की तुम्हीही पहिला वाटा शेजारी किंवा नात्यात द्या. एखाद्या मे महिन्यात तुमची बरणी बिघडली, तर त्याच घरून पुन्हा दाणे आणता येतील.