टपावरचं सोलर कमी पडतंय? घडीचं पॅनल जोडा, पण जोडणी नीट करा

लामता (जि. बालाघाट) : थंडी सुरू झाली की नागपूर, गोंदियाकडच्या पर्यटकांची पावलं कान्हाकडे वळतात. गोंदिया, बालाघाट, लामता, नैनपूर हा त्यांचा एक नेहमीचा रस्ता. आता काही कुटुंबं झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली कॅराव्हॅन किंवा गाडीमागे ओढायचा ट्रेलर घेऊन निघतात. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून या विषयाची चर्चाही वाढली. अशा गाडीत दिवा, पंखा, फ्रिज चालवायचा तर टपावर सोलर पॅनल लागतं. मात्र एकट्या टपावरच्या पॅनलवर हिवाळ्यात काम भागत नाही. का, ते आधी पाहू.

सावली आणि सूर्याचा कोन

लामता साधारण 22 अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे टपावर आडवं पडलेलं पॅनल उत्तम काम करतं. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 45 अंशच वर येतो. आडव्या पॅनलला तेव्हा थेट उन्हाचा सुमारे 70 टक्केच भाग मिळतो. कान्हाचा हंगाम ऑक्टोबर ते जून. म्हणजे नेमकी गर्दी असते तेव्हाच टपाचं पॅनल कमी पडतं.

दुसरी अडचण झाडांची. गाडी सावलीत लावली तर माणसं सुखात, पण पॅनल उपाशी. पॅनलवर एका फांदीची सावली पडली तरी वीज चांगलीच घटते, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात.

इथे घडीचं पॅनल उपयोगी पडतं. गाडी सावलीत राहू द्यायची, पॅनल उन्हात न्यायचं. दक्षिणेकडे तोंड करून तिरपं उभं करायचं आणि दिवसातून दोन-तीनदा फिरवायचं.

हिशेब किती?

चार जणांच्या कुटुंबाचा ढोबळ हिशेब असा : दिवे 75, कमी विजेचा पंखा 225, लहान डीसी फ्रिज 450 आणि मोबाईल 60 वॅट-तास. एकूण 800 च्या आसपास. टपावरच्या 200 वॅटच्या पॅनलमधून डिसेंबरात स्वच्छ उन्हात जेमतेम 600 मिळतात. 100 वॅटचं घडीचं पॅनल नीट वळवत राहिलं तर आणखी 400 च्या आसपास देतं. दोन्ही मिळून रोज साधारण एक युनिट, म्हणजे गरज भागून थोडी शिल्लक. फ्रिजमध्ये कुणाचं इन्सुलिन असेल तर ही शिल्लक फार मोलाची. ढगाळ दिवशी मात्र हे आकडे निम्म्याखालीही जातात.

जोडायचं कसं?

सगळ्यात सोपी आणि खात्रीची पद्धत म्हणजे दोन पॅनलना दोन वेगळे चार्ज कंट्रोलर आणि दोघांची जोडणी एकाच बॅटरीला. एक सावलीत गेलं तरी दुसऱ्याचं काम थांबत नाही. दोन्ही कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार आणि व्होल्टेज सारखंच ठेवावं. बॅटरी भरत आली की एक कंट्रोलर आधी मंदावतो. तो बिघाड नव्हे.

एकाच कंट्रोलरवर दोन्ही लावायची असतील तर व्होल्टेज जुळतं का ते बघावं. टपावर दोन पॅनल सिरीजमध्ये 36 व्होल्ट देत असतील आणि त्यांना 18 व्होल्टचं घडीचं पॅनल पॅरलल जोडलं, तर जास्त व्होल्टेजची बाजू खाली ओढली जाते. पैसे तीन पॅनलचे आणि वीज त्या मानाने थोडी, असा प्रकार होतो. सिरीजमध्ये जोडलं तर कमी करंटचं पॅनल बाकीच्यांना अडवतं.

आणखी एक चूक अनेकदा होते. बऱ्याच घडीच्या पॅनलमागे छोटा कंट्रोलर आधीच बसवलेला असतो. त्यातून निघणारी वीज दुसऱ्या कंट्रोलरमध्ये घालू नये. एकतर तो काढून टाकावा, नाहीतर त्याचं आउटपुट फ्यूज लावून थेट बॅटरीला द्यावं.

वायर बारीक, तोटा मोठा

100 वॅटच्या पॅनलमधून साधारण साडेपाच अँपिअर येतात. 10 मीटर अंतरासाठी 1.5 चौरस मिमीची वायर घेतली तर सात टक्क्यांहून जास्त वीज वायरीतच जाते. 4 चौरस मिमीच्या वायरीत तोटा तीन टक्क्यांच्या आत राहतो. कंट्रोलर बॅटरीजवळ बसवावा. प्रत्येक कंट्रोलर आणि बॅटरीच्या मधे, बॅटरीच्या जवळ, फ्यूज हवाच. तो नसेल आणि वायर घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू शकते. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट क्रम.

बॅटरीलाही झेपलं पाहिजे

300 वॅटमधून 20 ते 23 अँपिअर चार्जिंग येऊ शकतं. 100 एएचच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीला ते सहसा चालतं. तेवढ्याच लेड-ॲसिड बॅटरीला 10 ते 15 अँपिअर पुरे. कान्हाच्या मैदानांत डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव गोठतं. शून्याखाली लिथियम चार्ज केली तर ती खराब होते, म्हणून बॅटरी गाडीच्या आत ठेवावी. मे महिन्यात उलटं. टप आणि पॅनल यांत दोन-तीन इंच फट नसेल तर पॅनल तापतं आणि वीज घटते.

निघण्यापूर्वी

- पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घराच्या छतासाठी आहे, गाडीसाठी नाही.
- गाडीच्या रचनेत बदल होत असेल तर आधी आरटीओत विचारावं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 यासाठीच आहे.
- व्याघ्र प्रकल्पात कुठेही मुक्काम करता येत नाही. परवानगीच्या जागीच थांबावं.
- घडीचं पॅनल वाऱ्याने उलटतं, माकडं ओढतात. दोरीने बांधावं आणि सफारीला जाताना आत ठेवावं.

नवीन जोडणी केल्यावर एक रात्र घराच्या अंगणातच फ्रिज चालवून बघावा. सकाळी बॅटरी किती उरली आणि दिवसभरात किती भरली, हे कळलं की मगच जंगलाची वाट धरावी.